साठ मीटरचा गाळा : वरळीचे कोळी आणि मुंबईचा सागरी किनारा मार्ग

साठ मीटर म्हणजे किती? बेस्टच्या बारा मीटरच्या पाच बस एकामागे एक उभ्या केल्या की झाले साठ मीटर. बांधकाम व्यवस्थापनाच्या वर्गात मी हे प्रकरण काढतो तेव्हा मुलं पहिल्यांदा हेच विचारतात : पुलाच्या दोन खांबांत पाच बसएवढी मोकळी जागा आहे, कोळ्यांची होडी जेमतेम दोन-तीन मीटर रुंद, मग अडचण नेमकी कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. मुंबई महापालिकाही काही वर्षं हेच विचारत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत पुलाचं काम अडून बसलं.

मोठ्या प्रकल्पांवरच्या वादांत आपण पटकन दोन बाजू पाडतो, एकीकडे विकास आणि दुसरीकडे विरोध. वरळीच्या बाबतीत ही मांडणी चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या मच्छीमारांनी प्रकल्पाला आव्हान दिलं, कोर्टात गेले, समुद्रात होड्या आडव्या घातल्या, हे सगळं खरं. पण ज्या मुद्द्यावर पुलाचं काम खरोखर थांबलं तो मुद्दा एका आकड्याचा होता. पुलाच्या दोन खांबांत किती अंतर ठेवायचं, म्हणजे गाळा किती मीटरचा, एवढाच. आणि तो आकडा ठरवताना त्या दोन खांबांमधून रोज ये-जा करणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

आधी प्रकल्प समजून घेऊ. मुंबई सागरी किनारा मार्गाचा दक्षिण टप्पा मरीन ड्राइव्हजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळीकडच्या टोकापर्यंत जातो. लांबी १०.५८ किलोमीटर. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरहून थोडे लांब असे दोन जुळे बोगदे, पुढे समुद्रात भराव टाकून केलेला रस्ता, आणि शेवटी सागरी सेतूला जोडणारा पूल. भराव १११ हेक्टरचा. काम महापालिकेचं, पैसाही महापालिकेचा. खर्चाचा मूळ आकडा १२,७२१ कोटी रुपये. काम ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झालं, भूमिपूजन डिसेंबरात झालं, चार वर्षांत रस्ता खुला होईल असं सांगितलं गेलं. प्रवासाचा वेळ ७० टक्क्यांनी आणि इंधन ३४ टक्क्यांनी वाचेल, हा पालिकेचा दावा.

किनाऱ्यावर असा भराव एरवी टाकता येत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११च्या अधिसूचनेत डिसेंबर २०१५मध्ये दुरुस्ती झाली आणि अपवादात्मक परिस्थितीत रस्त्यासाठी भराव टाकायला वाट मोकळी झाली. त्यानंतर मे २०१७मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची किनारा नियमन मंजुरी आली.

या रस्त्याच्या वाटेत बरेच लोक येत होते. ब्रीच कँडीकडचे रहिवासी टाटा गार्डनमधल्या झाडांसाठी उभे राहिले, पर्यावरण संस्थांनी भरावाचा आणि खडकावरच्या प्रवाळांचा मुद्दा धरला. त्यांची बाजू इंग्रजी वर्तमानपत्रांतून भरपूर आली, म्हणून मी इथे त्यात शिरत नाही. मला बोलायचं आहे ते वरळी कोळीवाड्याबद्दल.

ज्या जागेचा सातबारा नाही

वरळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हा कोळीवाडा आहे आणि त्याचं मासेमारीचं बंदर म्हणजे क्लीव्हलँड बंदर. इथून निघणारी मासेमारी मोठ्या ट्रॉलरची नाही. छोट्या होड्या, दोन-तीन माणसं, किनाऱ्यालगतचं पाणी. त्याच्याही अलीकडे, होडी न लागणारी मासेमारी आहे : ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवर बायका कालवं फोडतात, खेकडे धरतात, तिसऱ्या (शिंपले) वेचतात. हाजी अलीजवळच्या लोटस जेट्टीकडेही असेच लहान मच्छीमार आहेत.

आता कायद्याच्या नजरेतून बघा. धरणात किंवा महामार्गात शेत गेलं तर शेतकऱ्याच्या हातात सातबारा असतो. भूसंपादनाची नोटीस येते, हरकत घेता येते, मोबदल्याचं सूत्र ठरलेलं असतं. २०१३च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत मच्छीमारांचाही उल्लेख केला, पण तो लागू होण्यासाठी आधी जमीन संपादित व्हावी लागते. इथे कुणाचीच जमीन घेतली नव्हती. समुद्रात दगड-माती टाकून नवी जमीन तयार केली होती. जी जागा पिढ्यान्‌पिढ्या कामाची होती ती कागदावर कुणाचीच नव्हती, त्यामुळे तिथे काम करणारेही कागदावर कुठे नव्हते.

या प्रकरणातली ही पहिली गाठ. प्रकल्पग्रस्तांची यादी जमिनीच्या नोंदींवरून काढायची सवय आपल्या यंत्रणेला इतकी लागली आहे की पाण्यावर जगणारा माणूस त्या यादीतून आपोआप गळतो. त्यात कुणाचा दुष्टपणा असावा लागत नाही.

कोर्टाचा फेरा

वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी सोसायटी इतर याचिकाकर्त्यांबरोबर मुंबई उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०१९मध्ये कामाला स्थगिती मिळाली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चालू काम पुढे नेण्याची मुभा दिली. १६ जुलै २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठाने किनारा नियमन मंजुरीच रद्द केली. पर्यावरण मंजुरी आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखालची परवानगी घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं सांगितलं. पाच महिन्यांनी, १७ डिसेंबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली : रस्ता बांधा, पण त्या भरावावर दुसरं काही उभं करू नका.

काम पुन्हा सुरू झालं. वादाचा निकाल लागला, असं पालिकेला आणि बहुतेक मुंबईकरांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण कोर्टात प्रश्न मंजुरीचा होता. खांबांमधल्या अंतराचा प्रश्न तिथे सुटला नव्हता, आणि पूल हा कामाचा शेवटचा भाग असल्यामुळे तो अजून कुणाच्या डोळ्यांसमोर आलाही नव्हता.

अर्धा मिनिट

सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या आराखड्यात खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडायचं तर होड्यांना याच खांबांमधून जावं लागणार होतं. होड्या लहान आहेत, ६० मीटर भरपूर झाले, असं पालिकेचं म्हणणं. मच्छीमारांनी १६० मीटरची मागणी धरली.

वर्गात इथे मी फळ्यावर दोन खांब आणि मध्ये एक होडी काढतो. होडी बरोबर मधोमध आहे असं धरलं तर प्रत्येक खांब तीस मीटरवर. आता यंत्र बंद पडलं. लहान होडीचं यंत्र बंद पडणं ही काही विरळा गोष्ट नाही. जाळ्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची पिशवी पंख्यात अडकली तरी पुरतं. वारा आणि पाण्याची ओढ मिळून होडी सेकंदाला एक मीटर, म्हणजे साधारण दोन नॉट वेगाने, आडवी सरकते आहे असं समजू. किनाऱ्याजवळच्या पाण्यात हा वेग फार नाही. खांबावर आदळायला किती वेळ लागेल? तीस सेकंद. त्या अर्ध्या मिनिटात मागच्या माणसाने दोरी ओढून यंत्र सुरू करायचं, ते जमलं नाही तर वल्हं नाहीतर नांगर टाकायचा. हेही होडी मधोमध असेल तर. पहाटेच्या अंधारात समोरून दुसरी होडी येत असेल तर दोघींना बाजूला सरावं लागतं, आणि मग तीसाचे पंधरा होतात.

शिवाय खांबाजवळचं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही. लाट खांबावर आपटून परत फिरते, प्रवाह खांबाला वळसा घालताना भोवरे धरतो. कागदावर साठ मीटर असले तरी होडी हाकणारा नाखवा दोन्ही खांबांपासून काही अंतर राखूनच होडी घालणार, म्हणजे वापरायची रुंदी आणखी कमी. आणि ऋतू विसरून चालणार नाही. यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. ऑगस्टात होड्या बाहेर पडतात तेव्हा नारळ वाहून झाला तरी दर्या पुरता शांत झालेला नसतो. नेमक्या त्या दिवसांत हा गाळा पुरा पडतो का, हे बघायचं असतं. डिसेंबरच्या निवांत सकाळी पाहणी करून ते कळत नाही.

मुलांना एवढं सांगितलं की ती गप्प होतात. साठ मीटर ही रुंदी आहे असं ती धरून चालली होती. होडीतल्या माणसाच्या दृष्टीने तो वेळ आहे. १२० मीटर म्हणजे एक मिनिट. १६० मीटर म्हणजे ऐंशी सेकंद.

हा हिशेब मी शाळेतल्या गणितात बसवून दाखवला. वरळीच्या नाखव्यांना तो गणिताशिवाय येतो, आणि त्यांच्यासमोर त्याचा दाखलाही होता. ३० जून २००९ रोजी खुला झालेला सागरी सेतू त्यांच्या दारातच उभा आहे. त्या सेतूचे नेहमीचे गाळे ५० मीटरचे आहेत, वरळीच्या खाडीवर मात्र केबलने तोललेला १५० मीटरचा गाळा आहे. अरुंद गाळ्यातून होडी नेणं आणि रुंद गाळ्यातून नेणं यातला फरक त्यांनी दहा-बारा वर्षं अनुभवला होता. म्हणजे १६० हा आकडा हवेतून आलेला नव्हता. दीडशे मीटरचा गाळा याच पाण्यावर आधी बांधून झाला होता.

पालिकेच्या अभियंत्यांना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पुलाचा गाळा वाढवला की तुळई (गर्डर) जड होते, खांबावरचा भार वाढतो, पायाचा आराखडा बदलतो, पैसा आणि महिने वाढतात. कंत्राट देऊन झाल्यावर असा बदल करणं म्हणजे ठेकेदाराशी नव्याने बोलणी, तांत्रिक सल्लागाराची नवी तपासणी, वरच्या मंजुऱ्या. उद्या लेखापरीक्षणात बोट आपल्याकडे येईल, ही भीती प्रत्येक सहीमागे असते. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘साठ पुरेसे आहेत’ हेच उत्तर सोयीचं वाटतं. मला त्याची अडचण समजते. पण ही अडचण उशिरा विचारल्यामुळे तयार झाली होती, हेही तितकंच खरं. २०१६-१७मध्ये, आराखडा कागदावर असताना, एक खांब खोडायला रबर पुरलं असतं.

होड्या आडव्या

२०२१च्या अखेरीस मच्छीमारांनी पुलाचं काम समुद्रातच अडवलं. होड्या घेऊन ते कामाच्या जागी जाऊन उभे राहिले. नाखवा सोसायटी आणि वरळी मच्छीमार सर्वोदय सहकारी सोसायटी, दोन्ही संस्था मागणीवर ठाम होत्या. बैठका झाल्या, तज्ज्ञांचे दाखले झाले, बंदोबस्त झाला. पुलाचा तो भाग रखडला.

राजकारणाचा भाग इथे टाळता येत नाही. वरळीचे आमदार आदित्य ठाकरे तेव्हा राज्याचे पर्यावरण मंत्री होते, आणि हा प्रकल्प त्यांच्या पक्षाने मुंबईकरांना दिलेलं मोठं आश्वासन होतं. एकाच माणसाच्या मतदारसंघात बाधितही होते आणि आश्वासनही होतं. अशा वेळी निर्णय घेणं कुणालाही अवघड जातं, आणि तो झाला नाही. जून २०२२मध्ये सरकार बदललं. डिसेंबर २०२२मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी गाळा १२० मीटरचा करायला मान्यता दिली. मधला एक खांब वगळायचा, साठ आणि साठ मिळून एकशेवीस.

या तोडग्याला ‘मधला मार्ग’ म्हणायचा मोह होतो. मी म्हणत नाही. तांत्रिक प्रश्नाचं उत्तर ६० आणि १६० यांच्या मध्ये कुठेतरी शोधायचं नसतं. होडी किती सरकते, लाट किती, वाहतूक किती, यावरून ते निघतं. १२०चा आकडा मुख्यतः बांधकामाच्या सोयीतून आला, कारण एक खांब काढला की तेवढंच होतं. तो पुरेसा ठरला तर आनंदच आहे. पण मच्छीमारांनी १६०वरून खाली येऊन तो स्वीकारला, हेही नोंदवून ठेवायला हवं. माघार दोन्ही बाजूंनी घेतली.

खर्चाचं म्हणाल तर प्रकल्पाचा आकडा पुढे १३,९८३ कोटींवर गेला. त्याला करांसह इतर कारणं होती, गाळ्यातला बदल त्यातलं एक. ऑक्टोबर २०२२ची मुदत केव्हाच हुकली होती. कोर्टाची स्थगिती आणि कोविड यांचाही त्यात वाटा होता. सगळा उशीर कोळ्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे, आणि ते त्या काळात सर्रास झालं.

त्या रुंद गाळ्यावर पुढे धनुष्याकृती कमानीच्या दोन पोलादी तुळया बसल्या. पहिली १३६ मीटर लांब, सुमारे दोन हजार टनांची, २६ एप्रिल २०२४च्या पहाटे. दुसरी १४३ मीटर लांब, अडीच हजार टनांची, १५ मे रोजी. बार्जवरून ती समुद्रातून आणली, भरतीच्या पाण्यावर खांबांच्या मध्ये नेली, आणि पाणी उतरू लागलं तशी बार्ज खाली जात गेली व तुळई आपल्या जागी टेकली. क्रेनच्या ताकदीपेक्षा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर भिस्त असलेलं हे काम होतं. ज्यांनी ते केलं त्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. एका खांबाच्या जागी ही कमान उभी करता येते, हे त्यांनी करून दाखवलं. म्हणजे ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हा शेरा कुठे लिहिला गेला असेल, तर तो खोडावा लागेल.

जे १२० मीटरमध्ये बसलं नाही

गाळ्याची गोष्ट इथे संपते आणि बऱ्याच ठिकाणी हे प्रकरण ‘यशस्वी वाटाघाट’ म्हणून इथेच मिटवलं जातं. मला ते खटकतं.

होडी बाहेर जायची वाट रुंद झाली, चांगलं झालं. पण होडी नसलेल्यांचं काय? १११ हेक्टरच्या भरावाखाली जो किनारा गेला त्यात खडपं होती. त्यांवरची कालवं, खेकडे, तिसऱ्या यांवर ज्या बायकांचं घर चालत होतं, त्यांच्यासाठी ६०, १२० किंवा १६० या आकड्यांना काही अर्थच नव्हता. वाटाघाटीच्या टेबलावर संस्थांचे पदाधिकारी होते. संस्थेचं सभासदत्व होडीशी आणि परवान्याशी बांधलेलं असतं. खडपावर कोयती घेऊन जाणाऱ्या बाईकडे यातलं काही नसतं.

नुकसानभरपाईचा प्रश्न आला तेव्हा पालिकेने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला. उशिरा का होईना, योग्य पाऊल होतं. पण काम सुरू झाल्यावर केलेल्या अभ्यासात एक कायमची उणीव राहते : भराव पडून गेल्यावर, पूर्वी तिथे कोण काय वेचत होतं हे मोजणार कसं? आठवणींवरून. आणि आठवणीला पुरावा मागितला जातो. होडीचा क्रमांक दाखवता येतो, डिझेलची पावती दाखवता येते. ओहोटीच्या दोन तासांत टोपलीभर कालवं मिळायची, याची पावती नसते.

कुठलाही किनारी प्रकल्प हातात घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांकडून मी म्हणून एक काम करून घेतो. नकाशा घ्यायचा, त्यावर जमीनमालक आधी लिहायचे नाहीत. पहाटे चारपासून रात्रीपर्यंत त्या जागेवर कोण येतं, कशासाठी येतं, भरतीला कोण आणि ओहोटीला कोण, हे आधी लिहायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एकदा जायचं, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, एकदा जायचं, पावसाळ्यात एकदा जायचं. यादी तयार झाली की मग मालकी बघायची. बहुतेक वेळा दोन याद्या जुळत नाहीत, आणि पुढे होणारा संघर्ष त्या न जुळणाऱ्या नावांत आधीच दिसतो.

हे काम स्वस्त आहे. वरळीत त्याला फार तर एक वर्ष आणि चार माणसं लागली असती.

मार्च २०२४पासून टप्प्याटप्प्याने रस्ता खुला होत गेला आणि जानेवारी २०२५मध्ये सेतूपर्यंतची जोडणी पूर्ण झाली. गाड्या धावतात, लोक खूश आहेत, समुद्राच्या कडेचा पदपथही खुला झाला. तिकडे उत्तरेला वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चालू आहे आणि खारदांडा, जुहू, वेसावे इथले कोळीवाडे तेच प्रश्न घेऊन उभे आहेत : गाळा किती, बंदराची वाट कुठून, कामाच्या काळात जाळी कुठे टाकायची. तिथल्या खडपांवर आणि वाळूवर ओहोटीला कोण काय वेचतं, याची नोंद अजून करता येईल. पाणी अजून तिथे आहे.